अमेरिका निघाली, दिगंबरभाऊ निघाले

कृषी सहायक म्हणजे नेमकं कोण, हे माझ्या सासूबाईंना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. तलाठी त्यांना कळायचा, कारण त्याच्याकडे सातबारा. ग्रामसेवक कळायचा, कारण त्याच्याकडे शिक्का. "तुह्यापाशी काय असते वं?" असं त्या मला विचारायच्या. माझ्यापाशी एक स्कूटी होती, तिच्या डिकीत भिंग, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि भरपूर सल्ला. सल्ला फुकट असल्यामुळे तो कोणी उधारही मागत नसे.

माझी बहुतेक नोकरी घाटाखाली झाली. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख जात-गोत नाही, घाटावरचा की घाटाखालचा ही असते. मी घाटावरची. घाटाखाली उतरले ती खामगाव आणि शेगावच्या मधल्या काळ्या जमिनीत, जिथे दसऱ्यापासून पुढे नजर जाईल तिथवर कापूस. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मला वावरात फिरताना पाहिलं आणि विचारलं, "बाई, सायब मांगून येऊन राह्यले का?" मी म्हटलं, "साहेब मीच." त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग बसा सावलीत, उनाचं काऊन फिरता?" एवढी माया मला तालुक्याच्या कचेरीत कधी मिळाली नाही.

आज सांगायची गोष्ट मात्र एका कराराची आहे. तो गावानं केला, गावातल्याच मोठ्या माणसानं मोडला, आणि त्याच वर्षी अमेरिकेनंही असाच एक मोठा करार सोडायचं जाहीर केलं होतं. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की आजही बातम्यांत पॅरिस करार ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर पॅरिस येत नाही, एक बांध येतो.

त्याआधी धंद्याचं थोडं. बीटी कपाशीच्या बियाण्यात एका जिवाणूचा गुण घातलेला असतो. बोंड पोखरणारी अळी त्याचं झाड खाते आणि मरते. हे बियाणं आलं तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती, इतकं ते नवल होतं. फवारणीचे पंप माळ्यावर गेले. पण त्या पाकिटाच्या पोटात साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट असायचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं. तिथं अळ्यांनी सुखानं खावं, नांदावं. म्हणजे बीटी पचवून एखादी अळी वाचलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार या साध्या घरातला मिळतो आणि विष पचवणाऱ्यांचं वेगळं कूळ तयार होत नाही.

हे मी वर्षानुवर्षं सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे आणि दुकानाबाहेर पडल्या पडल्या ते छोटं पाकीट नालीत फेकायचे. एकानं मला सरळ विचारलं, "मॅडम, चोराले राहाले आपल्याच वावरात खोली बांधून द्या म्हणता?" यावर काय बोलणार? एकट्या माणसाचा हिशेब लावला तर त्याचं बरोबरच होतं. सगळ्यांचा एकत्र लावला तर चूक होती. माझी अख्खी नोकरी या दोन हिशेबांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेली.

आणि शेवटी ते कूळ तयार झालंच. गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत असते, बाहेरून पत्ता लागत नाही. झाड हिरवंगार, बोंडं टपोरी, मालक खूश. फूल मात्र नीट उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. ती उघडली की आत ही बाई बसलेली. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी एका सकाळी शांताबाईंच्या वावरात डोमकळी उघडली, तर आत हीच होती.

शांताबाईंची ओळख करून देते. गावातल्या विहारामागे त्यांचं घर. नवरा पुण्याकडे गवंडीकामावर, सणाला येणार. त्यांची स्वतःची दोन एकर कोरडवाहू, आणि वेचणीच्या दिवसांत गावातल्या बायांची टोळी त्यांच्या हाताखाली. कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी वेचणी, हे शांताबाई ठरवायच्या आणि ते मोडायची कोणाची टाप नसायची. मला पाहिलं की "जयभीम मॅडम" म्हणत पहिल्यांदा पाणी द्यायच्या, मग भांडायच्या.

त्यांच्या दोन एकरांच्या पलीकडे, एका बांधाच्या अंतरावर, दिगंबरभाऊंचं मोठं वावर. दोन विहिरी, ठिबक, घरी रोज पेपर. पेपर नुसता वाचायचे नाहीत, ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, आणि मध्येच थांबून जगाला समज द्यायचे. माणूस वाईट अजिबात नव्हता. गावात नवीन जे काही आलं ते आधी त्यांच्या वावरात आलं. मला पहिल्या वर्षी उभं करून घेणारे, "मॅडम सांगून राह्यल्या तं ऐका बे" असं चारचौघांत म्हणणारे तेच. त्यांच्या घरी चहा पिताना स्वयंपाकघराच्या दारात एक आकृती उभी असायची. त्या त्यांच्या पत्नी, गंगाकाकू. इतक्या वर्षांत त्यांचं "साखर बरोबर हाये का?" याच्यापलीकडे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत गावाच्या शाळेतल्या गुरुजींनी वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय फळ्यावर लिहिला: 'अमेरिकेने हवामान करारातून बाहेर पडणे योग्य आहे काय?' परीक्षक म्हणून मला बसवलं. पोरापोरींनी पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं, टाळ्या झाल्या. तिथेच आटोपायचं, तर गुरुजींना अवदसा आठवली. त्यांनी विचारलं, "मोठ्यांपैकी कोणाला काही बोलायचं आहे का?"

दिगंबरभाऊ उठले. सदऱ्याची बाही सारखी केली.

"त्यानं केलं थे बरोबर केलं," ते म्हणाले. तो म्हणजे तिकडचे नवे अध्यक्ष. "करार म्हणजे काय? समद्याइनं थोडं थोडं सोडाचं. पण ज्याच्यापाशी हायेच नाही, थो काय सोडते? ज्याचे कारखाने, त्यानंच बंद कराचे. ज्याच्या गाड्या, त्यानंच उभ्या कराच्या. आन बाकीच्याइनं टाया वाजवाच्या. हा करार हाये का दंड?"

मंडपात हशा आणि टाळ्या. सरपंच जमीलभाई पुढच्या रांगेत बसले होते. त्यांचा मालवाहू टेम्पो, दोन एकर ओलीत आणि सगळ्या गावाशी सलोखा. ते म्हणाले, "भाऊ, पर इतके दिवस धूर भी तं त्याइनंच सोडला ना?"

"सोडला. त्याच्यावर त्याइनं दवाखाने बांधले, विमानं बांधली. तुमची बांधाची बारी आली तं तुमाले बी कोणी थांबवू नये, हे मी म्हणतो. ज्यानं त्यानं आपलं पाहावं."

मग मागून, बायांच्या बाजूनं, आवाज आला. शांताबाई उभ्याही राहिल्या नव्हत्या.

"भाऊ, थे करारातून निघाली म्हणता. पण निघून जाईन कुठी? आभाय तं एकच हाये."

दिगंबरभाऊंना उत्तर सुचायला वेळ लागला नाही. "आभाय एक हाये शांताबाई. पण वावर ज्याचं त्याचं हाये."

पुन्हा टाळ्या. खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर आवडलं होतं. मी परीक्षक, मी बक्षीस एका दहावीतल्या मुलीला दिलं आणि प्रसाद घेऊन घरी आले. पण गावाला तो विषय चिकटला. पुढचे कितीतरी दिवस पारावर, दळणाच्या गिरणीत, बसथांब्यावर अमेरिका निघत होती आणि लोक तिला जाऊ देत होते किंवा अडवत होते. ज्यांनी खामगावच्या पुढे रेल्वेनं पाऊल टाकलं नव्हतं ती माणसं पृथ्वीच्या तापमानावर भांडताना मी पाहिली आणि मला फार गंमत वाटली. आता गंमत वाटत नाही, आता नवल वाटतं. कारण ते भांडण पुढे त्यांना लागणारच होतं.

दिवाळी होईतो अळीनं गाव धुऊन नेलं. बोंड फुटायचं ते अर्धवट, कापूस पिवळट, डागाळलेला, पाकळी पाकळीत चिकटलेला. त्याला कवडी म्हणतात. खामगावच्या जिनिंगवाले तो हातात घेऊन न बोलता खाली ठेवायचे. शांताबाईंच्या दोन एकरांत दुसऱ्या वेचणीनंतर कमरेच्या ओटीत पडण्यासारखं काही उरलं नाही. बांधावर बसून त्या मला म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या साली एक डाव पेरून पाह्यतो. तवा बी असंच झालं तं वावर मक्त्यानं देऊन टाकीन आन मालकापाशी पुण्याले जाईन. इटा वाहीन." मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं कसायला, घेणारा कोण, हे त्यांनी बोलायची गरज नव्हती. बांधापलीकडचं वावर दिसतच होतं.

म्हणजे पुढचं एकच वर्ष हातात होतं. आणि ते वाचवायचा एकच रस्ता मला ठाऊक होता. ही अळी कपाशीशिवाय जगत नाही. चार महिने शिवारात कपाशीचं एकही हिरवं झाड राहिलं नाही, तर तिची साखळी तुटते. आड येते ती फरदड. मुख्य वेचण्या संपल्या की झाड थकतं. पण विहीर असेल आणि पाणी दिलं, तर ते पुन्हा पालवतं, पुन्हा बोंडं धरतं. ही फुकटची वाटणारी पिकाची दुसरी पाळी म्हणजे फरदड. तीच अळीचं उन्हाळ्यापर्यंतचं घर.

जमीलभाईंनी ग्रामसभा बोलावली. मी भिंग, डोमकळ्या, बोंडं, सगळं दाखवलं. ठरलं ते असं: नाताळच्या सुमारास सगळ्या गावानं पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायच्या, कोणीही फरदड घ्यायची नाही. हात वर झाले. मी मनात म्हटलं, निवृत्त व्हायच्या आधी एक काम झालं.

तेव्हा दिगंबरभाऊ उठले. सदऱ्याची बाही सारखी केली.

"मले एक सांगा. कोरडवाहूवाल्याची पऱ्हाटी आता वाळूनच राह्यली. थो काय सोडते? काहीच नाही. ज्याले इहीर हाये, त्यानंच सोडाचं. म्हणजे मीच. हे थेच झालं जे गणपतीत बोललो होतो. मॅडम, तुमचा मान ठेवतो, पण मी या करारात नाही."

एवढं बोलून ते निघून गेले. मागोमाग विहीरवाले आणखी तिघे-चौघे उठले. "मोठाच निघाला तं आमीच काऊन?" असं म्हणत पायताणं शोधू लागले. जमीलभाई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, अपनी अमेरिका तं निकल गई."

हसू आलं नाही. कारण दिगंबरभाऊंच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांना सोडावं लागणार होतं हे खरं होतं. मी सरकारी नोकर, माझ्याकडे सल्ला होता. त्यांच्यापुढे टाकायला कायदा नव्हता आणि द्यायला भरपाईही नव्हती.

कोरडवाहूवाल्यांनी मात्र शब्द पाळला. शांताबाईंनी आपली दोन एकरं साफ केली, काडीसुद्धा ठेवली नाही. त्या मोकळ्या वावरात मी एक कामगंध सापळा लावला. हा सापळा म्हणजे माझ्या नोकरीतली सगळ्यात थक्क करणारी वस्तू. मादी पतंग जो गंध सोडते, तसाच गंध रबराच्या एका बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात भरलेला असतो. आपल्या नाकाला काही कळत नाही. पण कुठल्या कुठल्या वावरातले नर त्याचा माग काढत येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. नखाएवढा, राखाडी, दिसायला धुळीसारखा जीव. ना त्याला वारा अडवतो ना बांध. एवढ्याशा पतंगापुढे आपण धूर, कंपन्या, सरकारं घेऊन उभे आहोत, आणि तो शांतपणे आपला माग काढत येतो, हे मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मला हात जोडावेसे वाटले.

दोन दिवसांनी सकाळी गेले तर पिशवी भरलेली. शांताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पाहा मॅडम. वावरात पऱ्हाटीची काडी नाही, आन पाव्हणे तं येऊनच राह्यले."

बांधापलीकडे दिगंबरभाऊंची फरदड पाणी पिऊन पुन्हा हिरवी झाली होती. सुंदर दिसत होती, हे कबूल करायलाच हवं.

त्याच दुपारी विहाराच्या ओट्यावर शांताबाईंनी वेचणीच्या टोळीतल्या बाया जमवल्या. साऱ्या जातींच्या होत्या, दोघी-तिघी जमीलभाईंच्या मोहल्ल्यातल्याही. मला चहाला बोलावलं होतं, म्हणून मी फक्त चहा प्यायले.

"भाऊ म्हणते, ज्याले इहीर हाये त्यालेच सोडा लागते," शांताबाई म्हणाल्या. "खोटं हाये का? नाही. फरदडीचा कापूस त्याइचा जाईन. पण थो वेचते कोण? आपुन. आपली बी मजुरी फरदडीतच हाये. आपुन थे सोडू. मंग पाहू, भाऊ काय म्हणते."

त्या दिवसांत दुसरं काम नसतं, हरभऱ्याची सोंगणी लांब असते. एक म्हातारी म्हणाली, "मंग चुलीवर काय ठेवाचं वं?"

"जे पुढच्या साली ठेवाचं, थेच आता थोडं कमी ठेवू."

आणि बाया तयार झाल्या. लगेच नाही, भांडून, एकमेकींची उणीदुणी काढून, पण झाल्या. माझ्या हातातला चहा गार झाला. मोठमोठ्या बैठका पाहिल्या आहेत मी, मंत्र्यांच्या, शास्त्रज्ञांच्या. सगळ्यांत कमी ज्यांच्याजवळ आहे त्यांनी आधी सोडायचं ठरवलं, असं मी त्याच एका ओट्यावर पाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकललं, गार चहाच्या.

दिगंबरभाऊ पण कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी जमीलभाईंचा टेम्पो मागितला, परगावची टोळी आणायला. जमीलभाई म्हणाले, "गाडी बिघडली भाऊ." टेम्पो त्यांच्यामागेच घुरघुरत उभा होता. भाऊंनी दुसरी गाडी ठरवली. वेचणी दुसऱ्या दिवशी.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, शेवटचं एकदा बोलून पाहावं म्हणून. भाऊ बाहेर गेले होते. स्वयंपाकघराच्या दारात गंगाकाकू होत्या, आणि आत, पाटावर, शांताबाई बसल्या होत्या.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. घरची मालकीण दहीभाताची वाटी घेऊन वावरात जाते, एका भरल्या झाडाला सीता मानून हळदकुंकू लावते, दहीभात शिंपडते, आणि मग बाया ओट्या बांधतात. बऱ्याच गावांत हे आता मोडलं. या गावात टिकून होतं. शांताबाईंच्या घरी हे करत नाहीत, त्यांनी ते केव्हाच सोडलं. पण दुसऱ्याच्या वावरात, टोळीची मुकादम म्हणून, मालकिणीची सीतादही झाल्याशिवाय त्यांनी एकदाही बोंडाला हात लावू दिला नव्हता. ज्याचा रिवाज त्यानं पाळावा, असं त्यांचं होतं.

"काकू," शांताबाई म्हणाल्या, "उद्याची टोळी परगावची हाये, त्याइले आपल्या गावचं ठाऊक नसन. म्हणून मी इचाराले आली. दसऱ्याची सीतादही त्या वेचणीची होती, थे वेचणी झाली. आता हे नवी वेचणी. तुमी सीतादही करान ना?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"एका पऱ्हाटीची दोनदा करत नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या.

"मंग?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, चहा घेता का?" म्हणाल्या आणि आत वळल्या. शांताबाई उठून निघून आल्या. मला वाटलं, संपलं.

सकाळी मी बांधावर पोचले तेव्हा अर्धं गाव कुठल्या ना कुठल्या निमित्तानं तिथं होतं. परगावच्या बाया गाडीतून उतरून धुऱ्यावर बसल्या होत्या. भाऊ पाणी सोडणाऱ्या गड्याला काहीतरी सांगत होते. शांताबाई आपल्या रिकाम्या वावरात सापळ्यापाशी उभ्या होत्या. आणि पांदणीच्या वाटेनं गंगाकाकू आल्या. डोक्यावरून पदर, हातात वाटी.

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, घर आपल्या बाजूनं आलं.

काकू हिरव्या फरदडीत शिरल्या. एका झाडापाशी थांबल्या. हळदकुंकू लावायला बोटं पुढे केली आणि मागे घेतली. एक मिटलेलं फूल तोडलं, नखानं उकललं. मग एक बोंड. मग दुसरं. मला बांधावरूनही कळत होतं त्यांना आत काय दिसत असेल ते.

"याले दही दाखवू?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण कोणाला ऐकू आला नाही असं झालं नाही.

भाऊ म्हणाले, "अवं, रिवाजाचं काय धरून बसली?"

"रिवाजाचं नाही. माह्या हातानं सीतादही होते. जे सीता म्हणून मी पूजतो, थिच्या पोटातली अयी शेजारणीच्या वावरात धाडू? मले नाही होत."

त्यांनी वाटी बांधावर ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी झाड धरून ओढलं. पाणी प्यायलेली पऱ्हाटी ती, हलली नाही. पुन्हा ओढलं. बांगड्या वाजल्या, झाड तसंच. पऱ्हाटी उपटायला लोखंडी चिमटा लागतो. शांताबाई बांध ओलांडून आल्या, आपला चिमटा घेऊन. काही न बोलता त्यांनी तो खोडाला लावला आणि दोघी मिळून रेटू लागल्या. एक बाई मालकीण, एक मजुरीण, दोघींच्या वयाची बेरीज शंभराच्या पुढे. अर्धं गाव पाहत होतं आणि कोणी जागचं हलत नव्हतं. मीही नाही. आपल्यासमोर काय घडतं आहे याचाच धाक वाटत होता.

झाड निघालं. मुळासकट, ओल्या मातीसकट.

भाऊ तिथवर चालत गेले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी काकूंच्या हातातून चिमटा घेतला.

"सोड," ते म्हणाले. "तुह्या हातानं दिवस जाईन."

आणि पुढच्या झाडाला चिमटा लावला.

त्या दिवशी परगावच्या टोळीनं वेचणीऐवजी उपटायचं काम केलं, आणि थोड्या वेळानं आमच्या गावची टोळीही त्यांच्यात शिरली. काकूंचा दहीभात सगळ्यांच्या हातावर चमचा-चमचा आला. बाकीच्या विहीरवाल्यांनी त्याच आठवड्यात आपापली फरदड काढली. कोणी ग्रामसभा घेतली नाही, कोणी ठराव केला नाही.

पुढच्या वर्षी अळी आलीच नाही, असं मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या गावांनी फरदड ठेवली होती, आणि पतंगाला गावाची शीव कळत नाही. पण ती उशिरा आली, थोडी आली, आणि तोवर चांगल्या वेचण्या घरात गेल्या होत्या. शांताबाईंनी वावर मक्त्यानं दिलं नाही. नवराच पुण्याहून परत आला. आणि त्यांनी त्या वर्षी ते छोटं पाकीट, ज्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य घसा फोडला, वावराच्या कडेनं पेरलं. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "मॅडम, चोराले खोली दिली. पण भाऊच्या बांधाकडून दिली."

सगळीकडे असं झालं नाही, ही खंत आहे. माझ्याकडे आणखी गावं होती. तिथंही मी तेच भिंग, त्याच डोमकळ्या घेऊन बोलले. तिथल्या बांधावर कोणी आलं नाही, आणि तिथले कितीतरी कापूसवाले आता सोयाबीनवाले झाले आहेत. एका गावात जे घडलं ते माझ्या सल्ल्यानं घडलं असतं, तर दुसऱ्या गावातही घडलं असतं. एवढं गणित मला येतं.

मी निवृत्त झाले. अमेरिका करारातून निघाली, मग परत आली, आणि आता पुन्हा निघते म्हणाली. ती बातमी आली त्या सकाळी फोन वाजला. दिगंबरभाऊ. आता थकलेत, पण पेपर अजून मोठ्यानंच वाचतात.

"मॅडम, वाचलं का? पुन्हा निघाली."

"वाचलं. तुमचं मत काय? गणपतीत तर तुम्ही तिच्या बाजूनं होता."

मागून भांड्यांचा आवाज येत होता, आणि काकू कोणाला तरी साखरेचं विचारत होत्या.

"त्याइचं म्हणणं मले आजबी समजते," भाऊ म्हणाले. "माह्याइतकं कोणाले समजन? पण मॅडम, मले त्याइची कीव येऊन राह्यली. एवढा मोठा देश, आन बांधावर वाटी घेऊन येणारं घरचं कोणीच नाही."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "कोणाचा फोन हाये? मॅडमचा? त्याइले म्हणा, दसऱ्याले सीतादही हाये, या म्हणा."